पुण्यतिथीचं यंत्र

कामठी,
ता. २० जुलै १९८२

ति. रविदादा यास,
सुभद्राचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझी तार पोचली. बाबा बरे आहेत असं दोन शब्दांत कळवता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं, म्हणून पत्र लिहिते आहे. गेल्या आठवड्यात बाबा लूमच्या कारखान्यात जुन्या मित्रांना भेटायला गेले आणि तिथेच दारात कोसळले. आपल्या शेजारच्या नत्थूने रिक्षात घालून घरी आणलं. नागपूरच्या धर्मादाय दवाखान्यात हृदयाचा वॉर्ड आहे, तिथे भरती केलं. डॉक्टर म्हणाले की हृदयाला ठोका दे म्हणून आतून जो इशारा मिळतो, तोच मध्येमध्ये मिळेनासा झाला आहे. मानेजवळच्या शिरेतून एक तार आत घातली आहे आणि तिची डबी बाहेर दंडाला बांधली आहे. ही सोय चार दिवसांची. कायमचं यंत्र छातीत बसवावं लागेल. त्याला पेसमेकर म्हणतात.

आता रागाची गोष्ट. ते यंत्र दवाखान्यात येऊन पडलं आहे. मोठ्या डॉक्टरांच्या कपाटात आहे, कुलूपबंद. पण ते बाबांना आज बसणार नाही. धान्याचे व्यापारी ताराचंद शेठ दरवर्षी आईच्या पुण्यतिथीला एका गरीब रोग्याला असं यंत्र देतात. पुण्यतिथी एक ऑगस्टला. त्या दिवशी दवाखान्याच्या हॉलमध्ये कार्यक्रम होतो, चांदीच्या ताटात फुलं घालून यंत्राचा डबा ठेवतात, रोग्याने किंवा त्याच्या घरच्या माणसाने शेठजींच्या आईच्या फोटोपुढे डोकं टेकवायचं, मग डबा हातात मिळतो. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी.

मी डॉक्टरांना म्हटलं की यंत्र आज बसवा आणि स्टेजवर रिकामा डबा द्या, कोण उघडून पाहणार आहे? त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, बाई, मला पुढच्या वर्षीचं यंत्रही आणायचं आहे. माणूस वाईट नाही. त्याचाच राग येतो.

बाबांना हे कळलं तेव्हा ते उठूनच बसले. छप्पन साली दीक्षाभूमीवर एवढ्या लोकायसमोर सांगून आलो का कोण्या मूर्तीपुढं वाकणार नाही, आता एका फोटोपायी मान खाली घालू का? मले घरी ने वं सुभे, असं म्हणून तार ओढायला निघाले. नर्सने हात धरले.

आणखी एक सांगते. बाबांच्या खाटेवरची चादर निळ्या काठाची आहे. आपल्या विणकर सोसायटीची. वॉर्ड उघडला तेव्हापासून दरवर्षी त्यांच्या चादरी दानात जातात, बाबांनी स्वतः कितीतरी विणल्या. त्या चादरीपुढे डोकं टेकवायला कोणी सांगितल्याचं मी ऐकलं नाही.

काय करू ते लवकर कळव. वहिनींना जयभीम, लहानग्यांना पापा.

तुझी,
सुभद्रा


भुसावळ,
ता. २४ जुलै १९८२

चि. सुभद्रा हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र वाचून डोकं भणाणलं. आपल्या घरातलं कोणीही त्या फोटोपुढे वाकणार नाही, हे पक्कं समज. दान द्यायचं तर द्या, नाहीतर देऊ नका. आजारी माणसाच्या छातीवर पाय देऊन कसलं पुण्य मिळवतात हे लोक? बाबांनी जे सांगितलं तेच बरोबर आहे. मी इथे दर रविवारी विहारात मुलांना हेच शिकवतो. माझ्याच घरात उलटं झालं तर कोणत्या तोंडाने उभा राहू?

मी आमच्या पतसोसायटीकडे कर्जाचा अर्ज टाकला आहे. यंत्र आपण विकत घेऊ. तोवर बाबांना समजावून ठेव आणि मला विचारल्याशिवाय कशाला हो म्हणू नकोस. तुझा स्वभाव घाईचा आहे, लहानपणापासून. दूध उतू जायच्या आधीच फुंकत बसायचीस.

हिला बरं नाही, नाहीतर लगेच निघालो असतो. प्रकृतीची काळजी घे. बाबांना माझा जयभीम सांग.

तुझा दादा,
रविंद्र


नागपूर, दवाखान्यातून,
ता. २८ जुलै १९८२

ति. रविदादा यास,
सप्रेम जयभीम.

दूध उतू जायच्या आधी फुंकत होते, म्हणून आपल्या घरात दूध उतू जात नव्हतं. तुला त्याची सवय झाली.

सोमवारी बाबा जेवत होते. मी घास भरवत होते आणि ते चंपतरावांची थट्टा करत होते. चंपतराव म्हणजे शेजारच्या खाटेवरचे काटोलकडचे शेतकरी. बोलता बोलता बाबांचे डोळे फिरले. घास तोंडातच राहिला. आतली तार सरकली होती. नर्स धावली, डॉक्टर धावले, मला बाहेर काढलं. दाराच्या काचेतून मला फक्त बाबांचे तळपाय दिसत होते. ते पाय हलेपर्यंत मी काय केलं ते मला आठवत नाही. चंपतराव सांगतात की मी दारावर थापा मारून राहिली होती आणि शिव्या देत होती. ताराचंद शेठला, देवाला, तुला.

तू लिहितोस की समजावून ठेव. कोणाला समजावू? बाबांना की त्यांच्या हृदयाला? तत्त्व तुझं आहे आणि बाबांचं आहे. ते मलाही पटतं. पण त्या तत्त्वाचं अंथरूण मी काढते आणि उष्टं मी पुसते. भुसावळहून तत्त्व धरून बसणं सोपं आहे दादा, तिथे कोणाचे तळपाय दिसत नाहीत.

एक तारखेच्या आत पैसे घेऊन आलास तर मी तुझ्या पाया पडेन. आला नाहीस तर मी काय केलं ते मला विचारायचं नाही.

वहिनींनी सुंठीचा काढा घ्यावा.

सुभद्रा


भुसावळ,
ता. ६ ऑगस्ट १९८२

सुभद्रा,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

इथल्या वाचनालयात नागपूरचं वर्तमानपत्र दोन दिवस उशिरा येतं. काल मी ते उघडलं आणि तुला पाहिलं. डोक्यावर पदर, दोन्ही हात टेकलेले, कपाळ फोटोच्या चौकटीला. मागे शेठजी हसत आहेत. खाली छापलं आहे, कृतज्ञ लाभार्थी. माझ्या शेजारी विहारातले दोघे बसले होते. एकाने विचारलं की ही तुमची बहीण ना, लग्नात पाहिली होती. मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तुला नाही म्हटलं, सुभे, आणि ते तुझ्यामुळे.

माझं कर्ज दहा तारखेच्या बैठकीत मंजूर होणार होतं. दहा दिवस तुला धीर धरवला नाही. बाबांना हे कळल्यावर काय वाटेल याचा विचार केलास का?

बाबांची प्रकृती कळवावी.

रविंद्र


कामठी,
ता. ११ ऑगस्ट १९८२

ति. दादा,
जयभीम.

वाकले. तू पाहिलंस, इथल्या सगळ्यांनी पाहिलं. तुझं एकट्याचंच नाक कापलं गेलं असं समजू नकोस.

कसं झालं ते ऐक. ताटातून डबा शेठजींनी माझ्या हातात दिला. मी निघाले तर एका स्वयंसेवकाने डबा परत घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, आधी दर्शन, मग डबा. माझी नजर डब्यावर होती. त्या बाईच्या फोटोवर माझा राग नाही. ती बिचारी कधीची गेली, तिला काय माहीत तिच्यापुढे कोणाकोणाला वाकवतात. डॉक्टर पहिल्या रांगेत खाली मान घालून बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होते, ते बुटांकडे. फोटोवाला म्हणाला, बाई, जरा थांबा, पुन्हा एकदा. मी पुन्हा एकदा वाकले.

दोन तारखेला यंत्र बसलं. तुझी बैठक दहाला होती. या दोन तारखांच्या मधे बाबांचे डोळे पुन्हा फिरले असते तर तू त्या मंजूर कर्जाचं काय आणणार होतास ते मला नीट लिहून कळव.

यंत्र ताराचंद शेठच्याच पैशाचं आहे आणि त्याने बाबा जगले, हे मी कोणासमोरही सांगेन. दिलं, चांगलं केलं. पण आधी पंधरा दिवस कपाटात ठेवून दिलं, हेही मी कोणासमोरही सांगेन.

बाबांना कळलं. शेठजींचे मुनीम मोठ्या कौतुकाने वर्तमानपत्र घेऊन वॉर्डात आले आणि त्यांनी फोटो बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी तो नीट पाहिला, भिंतीकडे तोंड केलं, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. चंपतराव म्हणाले, धोंडबा, पोरीनं तुमचा जीव वाचवला गा. बाबा म्हणाले, मी सांगतलं होतं का तिले?

परवा घरी आणलं. तुझ्या रागाला माझ्याकडे सध्या जागा नाही. इथे आधीच घर भरलं आहे.

सुभद्रा


कामठी,
ता. १९ सप्टेंबर १९८२

चि. रवी यास,
धोंडबाचा आशीर्वाद. जयभीम.

नत्थू लिहून राहिला, मी सांगून राहिलो. यंत्र चांगलं चालून राहिलं. छातीवर हात ठेवला का डबीसारखं लागते. पाऊस जास्त झाला, सोसायटीचं सूत ओलं झालं.

सुभद्राले कळव का चहात साखर कमी टाकून राहिली. मी तिच्यासंग बोलत नाही हे तुले माहीत आहे, म्हणून तुले लिवतो. डॉक्टरनं साखर बंद नाही केली, तिनंच केली. काहून केली ते विचार.

आनि हेही विचार का आता यंत्र बसलं, तरी रोज सकाळी माही नाडी काहून पाहते? येते, हात धरते, बोलत नाही. मीही बोलत नाही. चहा थंडा होऊन जाते.

तू तिले रागाचं पत्र लिवलं असं नत्थूनं सांगतलं. तुले कोणी सांगतलं होतं? मी रागावलो तं रागावलो, माही पोरगी आहे. तू काहून रागावतो?

नत्थूचा नमस्कार. तुह्या पोरायले आशीर्वाद.

धोंडबा


भुसावळ,
ता. २५ सप्टेंबर १९८२

चि. सुभद्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

बाबांचा निरोप, कामठीहून कामठीला, व्हाया भुसावळ: चहात साखर कमी पडते. नाडी का पाहतेस तेही विचारलं आहे. मी आता पोस्टमन झालो आहे, बढतीची वाट पाहतो.

कर्ज दहा ऑगस्टला मंजूर झालं नव्हतं. बैठकच झाली नाही, कोरम नव्हता. ते अजून मंजूर झालेलं नाही. हे मी तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. वाचनालयातल्या त्या माणसाला मी काल सांगितलं की ती माझी बहीणच होती.

माझा राग संपलेला नाही, फक्त तो आता कोणावर धरायचा ते नीट कळत नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येतो आहे, तेव्हा समोरासमोर भांडू. तोवर मला विसरू नकोस.

तुझा दादा


कामठी,
ता. ३ ऑगस्ट १९८३

ति. रविदादा यास,
सुभद्राचा सप्रेम जयभीम. वि. वि.

परवा पुण्यतिथी झाली. जुन्या लाभार्थ्यांनी उपस्थित राहावे असं छापील बोलावणं आलं होतं. ते वाचून मी चुलीत घालायला निघाले तर बाबा भिंतीला म्हणाले की मी जाणार आहे. गेलं वर्षभर ते जेवण, औषध आणि बसची वेळ एवढंच माझ्याशी बोलतात, बाकीचं भिंतीशी. म्हणून मीही भिंतीला म्हटलं की मग मलाही यावं लागेल.

यंदाचं यंत्र खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळसा उतरवणाऱ्या एका मजुराला होतं. त्याची बायको मीराबाई वऱ्हांड्यात बसली होती, घाबरून नुसती घाम पुसत होती. मी तिच्याजवळ गेले तर डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, बाई, तुमचं मागच्या वर्षीचं बोलणं मी विसरलो नाही. यंत्र त्याच्या छातीत बसून चार दिवस झाले. डबा रिकामा आहे. डॉक्टर आता असेच हळू आवाजात बोलतात, चोरी केल्यासारखे. रोग्याला वेळेवर यंत्र बसवणं हे चोरून करावं लागतं, दादा! मला त्यांची कीवही आली आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

मी येऊन बाबांना सांगितलं, भिंत नव्हती म्हणून सरळ त्यांनाच. ते लगेच उठले. मग काठी टेकत मीराबाईकडे गेले आणि तिच्याशी काहीतरी बोलले. काय बोलले ते मला ती स्टेजवर गेल्यावरच कळलं.

शेठजींनी तिच्या हातात डबा दिला, वर नारळ दिला. स्वयंसेवक डबा घ्यायला पुढे आला. मीराबाईने डबा छातीशी धरला आणि सोडेचना. तो म्हणाला, ठेवा, आधी दर्शन घ्या. ती समोरच्या माईकमध्येच बोलली, सगळ्या हॉलला ऐकू गेलं. म्हणाली, मशीन नाजूक हाय म्हनते जी, मी खाली नाही ठेवत, कोनाच्या हाती नाही देत. पडलं तं माह्या माणसानं काय करावं? वाकली तं नारळ पडन त्याच्यावर!

ताराचंद शेठ एकदम घाबरले. वर्षाचं दान एका नारळाखाली फुटेल असं त्यांना वाटलं असावं. नहीं नहीं, रखो मत, संभालके, असं म्हणत त्यांनी स्वतः तिचा कोपर धरला आणि तिला एकेक पायरी उतरवून खाली आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीराबाई ताठ मानेने आली आणि रिकामा डबा तान्ह्या मुलासारखा मांडीवर घेऊन बसली. फोटोवाल्याला फोटो मिळाला नाही. बाबा गुडघ्यावर थापा मारून इतके हसले की डॉक्टरांना छातीकडे बोट दाखवून त्यांना आवरावं लागलं.

कामठीच्या बसमध्ये बाबा माझ्या शेजारी बसले. कन्हान नदीच्या वाऱ्याने डोळे मिटून घेतले होते. तसेच म्हणाले, सुभे, तुह्या टायमाले डबा भरला होता न वं? मी हो म्हटलं. मंग तुनं काहून ठेवू देला खाली, असं विचारलं. तेच पुढे म्हणाले की तुले कोण सांगन, मी तं नाही म्हणून पडून राहिलो होतो. तुले एकटीले पाठवलं.

मी रडले नाही, तुला वाटेल तसं. मला पुन्हा रागच आला. एवढंसं बोलायला त्यांना वर्ष लागलं, आणि एका बाईला सरळ उभं राहू द्यायला रिकामा डबा लागला. पुढच्या वर्षीचं यंत्र जुलैत येईल. ते आलं की मी डॉक्टरांच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसणार आहे. हळू आवाजात बोलणार नाही.

साखर वाढवली आहे, भुसावळहून कळवायची तसदी घेऊ नये. नाडी अजून पाहते. आज सकाळी हात धरला तेव्हा ते म्हणाले, चालून राहिली, चालून राहिली, चहा दे.

वहिनींना जयभीम, मुलांना आशीर्वाद. लोभ असू द्यावा आणि रागही असू द्यावा, दोन्हींची गरज पडणार आहे.

तुझी,
सुभद्रा