माझ्या चित्रासमोरचं बाक

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. निदान हयातीत तरी.

पाणीपुरवठा खात्यातून लवकर निवृत्ती घेऊन युनिव्हर्सिटीच्या कलाविभागात नाव घातलं, त्याला दीड वर्ष झालं. लेक त्याच विभागात, माझ्या दोन वर्षं पुढे. म्हणजे घरात मी बाप आणि कॉलेजात ज्युनिअर. कॉरिडॉरमध्ये तिला घरच्या नावाने हाक मारायची नाही, अशी तिने पहिल्याच दिवशी अट घातली होती. मी फक्त दोनदा मारली. दुसऱ्यांदा तर डबा विसरली होती म्हणून.

आजची बातमी: गॅलरीत विद्यार्थ्यांचं एक्झिबिशन. आमची गॅलरी म्हणजे दोन भाग. पुढचा मोठा हॉल बाहेरून बोलावलेल्या समकालीन कलाकारांचा, मागची लांबट खोली आमची. शेवटच्या दिवशी मागच्या खोलीतलं एक काम निवडतात आणि ते पुढच्या हॉलमधल्या पुढच्या प्रदर्शनात जातं. एकच.

संकल्प: ते माझं. याबद्दल कुठेही बोलायचं नाही. नम्रता ही मोठी गोष्ट आहे.

संध्याकाळी जेवताना घरात सांगून टाकलं. लेक म्हणाली, बाबा, मलाही एक सांगायचंय. म्हटलं, सांग की, पण आधी माझं पुरं होऊ दे. माझं पुरं झालं तेव्हा खुर्ची रिकामी. हल्लीच्या पोरांना पेशन्स म्हणून नाही.

५ फेब्रुवारी
विषय ठरला. पाणी. आयुष्य पाण्यात गेलं, म्हणजे पाणीपुरवठ्यात. नाव: 'जीवन: एक प्रवाह'. पूर्ण निळं. आठ फूट बाय सहा.

रोज पहाटे पाचला उठून काम करणार.

६ फेब्रुवारी
साडेआठला उठलो. पहाटेचा उजेड निळ्याला मानवत नाही, हा शोध लागला. कॅनव्हास दारातून आत येईना. ही म्हणाली, आधी दार मोजायचं असतं. ही शाळेत गणित शिकवते, तिला सगळीकडे मोजमापच दिसतं. शेवटी चित्र गच्चीत काढायचं ठरलं. मोकळ्या हवेत कला फुलते.

९ फेब्रुवारी
ही माळ्यावरून मोठी सूटकेस काढून पुसत बसली होती. कशाला म्हणून विचारणार होतो, एवढ्यात आपोआप उमगलं. चित्र निवडलं गेलं की प्रदर्शनं फिरती होतात, गावोगाव जावं लागतं. बोलून दाखवत नाही, पण हिचा माझ्यावर विश्वास आहे. मीही कळल्याचं दाखवलं नाही. संसार असाच टिकतो.

११ फेब्रुवारी
सोफ्यावर लोकरीचे जाडजूड मोजे, नवेकोरे. माझे पाय थंड असतात हे हिच्या बरोबर लक्षात राहतं. लगेच घातले. गच्चीत निळा रंग सांडला, एका मोज्यावर उडाला. लेकीने बघितलं, तोंड उघडलं, परत मिटलं. मी म्हटलं, रंगाचे डाग हेच चित्रकाराचे दागिने.

१४ फेब्रुवारी
चित्र पूर्ण. टेम्पोवाला विचारत होता, साहेब, यावर अजून काही काढायचंय का. त्याला प्रवाह समजावला. तो घाईत होता.

लेकीचं काम म्हणजे एक बाक आणि एक हेडफोन. चित्र नाही, मूर्ती नाही, काही नाही. हेडफोनमध्ये म्हणे आमच्या घरातले आवाज. जेवणाच्या टेबलावर तिचं रेकॉर्डर नावाचं यंत्र वर्षभर पडलेलं असायचंच. त्याच्यावर भाजीचा डाग मी पाडला असा माझ्यावर आरोपही आहे. मागे एकदा तिने विचारलं होतं की बाबा, तुझा आवाज वापरला तर चालेल ना. म्हटलं, वापर, पण आधी माझं ऐक. मग मला आठवतं त्याप्रमाणे मी तिला परस्पेक्टिव्ह समजावलं होतं.

तरी बाप म्हणून धीर दिला. म्हटलं, पुढच्या वर्षी काहीतरी हाताने कर.

१५ फेब्रुवारी
आज टांगाटांगी. क्युरेटर बाईंनी आधी माझं चित्र दारामागे, आगीच्या वाळूच्या बादल्यांजवळ लावलं होतं. मी शांतपणे निषेध नोंदवला. शिपाई शिडीवरून उतरून बाहेर जाऊन चहा पिऊन आला, तरी नोंदवत होतो. मग बाईंनी खोलीभर नजर फिरवली, लेकीच्या बाकापाशी थांबल्या, समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, याच्यासमोर असंच काहीतरी हवं होतं.

त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो. असंच काहीतरी हवं होतं. जाणकार माणूस लपत नाही.

म्हणजे बाक बरोबर माझ्या चित्रासमोर. पोरीने बापाच्या चित्रापुढे लोकांच्या बसायची सोय केली. संस्कार वाया जात नाहीत.

या गॅलरीची एक जुनी पद्धत: कलाकाराचं नाव शेवटच्या दिवशी लावायचं. तोवर नुसतं कामाचं नाव. ओळखीपाळखीने कोणी बघू नये म्हणून. आम्ही आळीपाळीने तिथे ड्यूटीवर बसायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. दुसरा नियम मला फारसा पटलेला नाही.

१७ फेब्रुवारी
ओपनिंग. पुढच्या हॉलमध्ये पाहुण्या चित्रकाराचे पंखे. नुसते पंखे, छतापासून गुडघ्यापर्यंत लोंबणारे, हळूहळू फिरणारे. आमच्या ऑफिसात आठ होते आणि त्यातले दोनच फिरायचे, पण आम्ही कधी तिकीट लावलं नाही. हे मी पाहुण्यांना सांगितलं. ते म्हणाले, इंटरेस्टिंग. पुढे माझ्या चित्राकडे वळवणार होतो, तर त्यांना फोन आला. वाजलेला ऐकू आला नाही, पण त्यांनी उचलला.

लेक म्हणाली, बाबा, एकदा बाकावर बसून ऐक ना. म्हटलं, अगं, घरातले आवाज मी घरीच ऐकतो की!

१९ फेब्रुवारी
ड्यूटी. आजचा दिवस विसरणार नाही.

लोक येतात, आमच्या वर्गातल्या अंबाडेवाल्या पोराने वाळू भरून ठेवलेला फ्रिज उघडून बघतात, पुढे जातात. माझ्या चित्रासमोर मात्र बसतात! हेडफोन लावतात आणि एकटक समोर बघतात. आधी हसू येतं. एक मुलगी तर तोंडावर हात दाबून हसली. निळ्याचा आनंद. मग हळूहळू चेहरा उतरतो. मग नुसते बसून राहतात. मोठी पिशवी घेतलेल्या एक बाई आल्या होत्या, त्यांनी पदराने डोळे पुसले.

मलाही माझ्या निळ्यात एवढी ताकद आहे हे ठाऊक नव्हतं.

बाईंनी हेडफोन काढल्याबरोबर मी प्रवाह समजावायला पुढे झालो. दोन वाक्यं बोललो असेन, त्या दचकून माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, अगबाई, ते तुम्हीच! मी मान खाली घालून हो म्हटलं. नाव लावलेलं नसताना ओळखलं. माणसाच्या चेहऱ्यावर तेज येतं ते असं. काही बोलायला गेल्या, पण मी पुढे समजावत होतो त्यामुळे राहिलं. सोबतच्या मैत्रिणीचा हात धरून दारापर्यंत वळून वळून बघत गेल्या.

घरी हे सगळं सांगितलं. ही म्हणाली, अहो, एकदा ते कानाला लावून बघा. म्हटलं, लोक रडतायत माझ्या चित्रासमोर आणि तुमचं आपलं हेडफोन, हेडफोन. ही म्हणाली, पालथ्या घड्यावर पाणी. पाण्याचा संदर्भ आवडला.

२१ फेब्रुवारी
लेक सकाळपासून पुस्तकं खोक्यात भरतेय. माझ्या चित्रांना जागा करते आहे. गुणी आहे. दारात उभी राहून म्हणाली, बाबा, शुक्रवारी... म्हटलं, माहीत आहे, शुक्रवारी निकाल. बापाला टेन्शन आलं असेल असं वाटतंय का तुला? ती म्हणाली, शनिवारचं... म्हटलं, शनिवारचं शनिवारी बघू.

२२ फेब्रुवारी
क्युरेटर बाई स्वतःहून बोलल्या. म्हणाल्या, परीक्षक कालपासून तुमच्याच कोपऱ्यात घुटमळतायत, उद्या घरच्यांना नक्की आणा.

झालं. आता नम्रतेची तयारी करायची.

भाषण लिहिलं. छोटंसं, नऊ पानं. मुद्दा असा की कलाकाराने आधी ऐकायला शिकलं पाहिजे. हे मी सांगू शकतो. तीस वर्षं तक्रार खिडकीवर बसून लोकांच्या तक्रारी ऐकल्या, ऐकण्यात माझा हात कोणी धरणार नाही. हिला पूर्ण वाचून दाखवलं. तिला मध्येच झोप लागली. दिवसभर शाळा असते बिचारीला.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार
निकाल लागला.

बाक.

मी दोन पावलं पुढे गेलो होतो, कारण परीक्षक 'त्या कोपऱ्यातलं' असं म्हणाले होते. परत येताना अंबाडेवाल्याने माझ्यासाठी जागा केली. टाळ्या वाजवल्या. अभिमान वाटलाच, खोटं कशाला लिहू. आणि राग पण आला. दोन्ही एकदम आलं, त्यामुळे चेहरा कसा झाला असेल सांगता येत नाही.

नंतर क्युरेटर बाई जवळ आल्या. मला वाटलं सांत्वन. तर म्हणाल्या, पुढच्या हॉलमध्येही बाकासमोर तुमचं चित्र लावायचा विचार होता, पण तिथे कोरी भिंतच ठेवू. ऐकणाऱ्याचं लक्ष जाणार नाही असंच काहीतरी समोर हवं असतं, म्हणून इथे तुमचं घेतलं होतं.

असंच काहीतरी.

खोली रिकामी झाली. शिपायाने माझं चित्र उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. पाय दुखत होते म्हणून बाकावर बसलो. हेडफोन तिथेच होता, म्हणून लावला.

आधी भांड्यांचा आवाज. मग लेक: बाबा, ऐक ना, आज कॉलेजात... मग एक पुरुष: सांगशील गं, आधी माझं ऐक. आणि तो सुरू. मग दुसरा दिवस. बाबा, मला ना एक भीती वाटते... त्याचं तेच, थांब, आधी माझं ऐक. मला हसू आलं. कोण हा बोलभांड! पोरीला एक वाक्य पुरं करू देईना. असले लोक खिडकीवर यायचे, आम्ही त्यांना आतल्या आत नावं ठेवायचो.

मग तो म्हणाला, तीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकल्या, ऐकण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मला वाटायचं माझा आवाज जरा भारदस्त आहे.

पुढे लेकीची वाक्यं आखूड होत गेली. बाबा, मला एक... बाबा, ते... बाबा. शेवटी नुसती खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि तो बोलतोच आहे. निळ्याबद्दल.

समोर भिंत कोरी होती. किती वेळ बघत बसलो, कोण जाणे.

२३ फेब्रुवारी, जेवणानंतर
जेवणाआधी केलेला संकल्प, आणि हा शेवटचा: आज तोंड उघडायचं नाही.

जेवायला बसलो. ताट वाढलं. लेकीला म्हटलं, बोल.

ती माझ्याकडे बघत राहिली. ही वाढता वाढता थांबली. मी पुन्हा म्हटलं, बोल बाळा, मी ऐकतोय. मग ती बोलली. तिकडच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळालाय. दोन वर्षं. महिन्यापूर्वीच कळलं होतं. आईला माहीत आहे, क्युरेटर बाईंना, शिपायाला, अंबाडेवाल्याला, सगळ्यांना माहीत आहे. शनिवारचं विमान. म्हणजे उद्याचं.

सूटकेस. खोकी. सगळं आपापल्या जागी बसलं.

मी मध्ये एक अक्षर बोललो नाही. सल्ला नाही, प्रवाह नाही, खिडकी नाही. एकदा ठसका लागला, तोही गिळला. ती बोलत राहिली, हात हलवत, लहानपणी शाळेतून आल्यावर सांगायची तशी. भीती वाटते म्हणाली. तुझी आठवण येईल म्हणाली. रडली, मग हसली. ही डोळ्यांना पदर लावून बसली होती. मला इतकं भरून आलं. मनात म्हटलं, बघा, ठरवलं की येतं की नाही! काय सुंदर ऐकतोय मी. आता परत रेकॉर्ड करायला हवं होतं पोरीने.

मग ती खोलीत गेली. मी लोकरीचे मोजे काढले, निळा डाग साबणाने घासला, थोडा गेला. हेअर ड्रायरने वाळवून तिच्या सूटकेसच्या कडेला नीट घडी करून ठेवले. तिथे फार थंडी असते म्हणाली.

कुठे, ते तिने सांगितलं तेव्हा मी आपण किती छान ऐकतोय याचा विचार करत होतो. आता तिला परत विचारायची लाज वाटते. सकाळी हिला विचारतो.