ट्रक सरळ जात नाही

२ फेब्रुवारी, रविवार

घेतला! शेवटी घेतला. पंधरा दिवस दोन रिमोटच्या ट्रकांमध्ये अडकलो होतो. एक हलका, नुसता पळणारा. दुसरा जड, मेटल गिअरचा, आपटला तरी मोडणार नाही असा. ठाकूरद्वारच्या दुकानातले नाना म्हणाले, "शर्यत की नुसती मजा, ते आधी ठरव." अर्थात शर्यत! हलका घेतला. वैशाली म्हणते, "दिवसभर शाळेची बस चालवता आणि घरी येऊन परत गाडीच? हौसेला मोल नाही बाई!"

तिचा भाऊ राकेश परळच्या मैदानात दर रविवारी जिंकतो आणि आठवडाभर मिशांना पीळ देत फिरतो. तेवीस तारखेला बघतोच त्याला.

५ फेब्रुवारी

ट्रक सरळ जात नाही. गच्चीवर चालवला. पुढची चाकं थरथरतात, ट्रक नागमोडी. राकेश नेमका तेव्हाच उगवला — "भावोजी, गाडी खंय चालली?" डोकंच फिरलं!

८ फेब्रुवारी

हलका माल तो हलकाच. बदलून जड ट्रक आणला. नानांनी काही कटकट केली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

हाही थरथरतो.

१२ फेब्रुवारी

तणतणत गेलो नानांकडे. "काय माल विकता!" वगैरे बरंच बोललो. त्यांनी रिमोट घेतला, दुकानाबाहेर वाडीत ट्रक सोडला. गेला — सुतासारखा सरळ. मग रिमोट माझ्या हातात. वाकडा. परत त्यांनी. सरळ. नाना माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मी हात खिशात घातला.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर अंगण बदलूनही आणलं!

१३ फेब्रुवारी

बसमध्ये बत्तीस मुलं असतात. बावीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. आज पुलावर स्टिअरिंग इतकं आवळून धरलं की अजून खांदे दुखतायत. आवळलं की थरथर दिसत नाही.

भीती वाटतेय. सरळ लिहितो, मला भीती वाटतेय. मालकाला कळलं तर बस जाईल. आणि बस गेली तर मी करू काय? दुसरं काय येतं मला? वैशालीला सांगितलेलं नाही.

१८ फेब्रुवारी

नानांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "यावर इलाज आहे. रिमोटलाच सांगायचं — हाताची बारीक हालचाल गाडीला कळवू नकोस." दोन बटणं दाबली. ट्रक सरळ गेला. माझ्या हातून! मी चक्क पाया पडलो त्यांच्या. "हे ट्रकचं झालं," ते म्हणाले, "डॉक्टरला दाखव." हो म्हटलं. दाखवीन. शर्यत तर होऊ दे.

२३ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो!! शेवटच्या वळणावर राकेशचा ट्रक उलटला. माझा दगडावर आपटला, हातभर उडाला, चार चाकांवर पडला आणि तसाच सरळ शेवटपर्यंत. राकेशही खूश झाला, मनाचा मोठा आहे तसा. माझा उजवा हात धरून वर केला आणि ओरडला, "बघा रे, बस ड्रायव्हरचा हात आहे! हलणार नाय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बसमधल्या पोरांचे आईबापही होते त्यात. मी हात सोडवून घेतला.

वैशालीने शिरा केला होता. दोन घास खाल्ले, वाटी बाजूला ठेवली. मग तिला सगळं सांगितलं. ती माझा हात धरून बसली. "काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे," एवढंच म्हणाली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बसला तसलं बटण नसतं. पहिली फेरी निघायच्या आधी मालकाकडे गेलो आणि चाव्या दिल्या. उजव्याच हाताने दिल्या, त्याला दिसावं म्हणून.