पोटातला लगाम

२१ जुलै
पोट ढोलासारखं फुगलंय. नाकात नळी. पित्ताशय काढलं तेव्हाच्या जखमेतून आत दोऱ्या झाल्यात आणि त्यांत आतडं अडकलंय, इति डॉक्टर यारांगा. दुखावलेल्या जागी शरीर चिकट रस सोडतं. विरघळला तर ठीक, नाही तर त्याची दोरी होते. माझं शरीर काहीच विरघळू देत नाही. स्वभाव आतपर्यंत गेलाय म्हणायचा.

शुक्रवारपर्यंत वारा सरला नाही तर पोट फाडणार. फाडलं की नवी जखम, नव्या दोऱ्या. धंदा उत्तम आहे.

२२ जुलै
इथले डॉक्टर या दोरीला ‘ब्रिदा’ म्हणतात. घोड्याचा लगामही ब्रिदाच. एउदोसिया मावशीने दारातून तेवढंच ऐकलं.

“हिच्या पोटात लगाम कसा गेला?”

“गेला नाही, बाई. तिथेच तयार झाला.”

“होणारच. ऑपरेशननंतर पोटाला पट्टा बांध म्हणून ओरडत होते मी. आतडी मोकाट सुटली हिची.”

डॉक्टरांनी छताकडे पाहिलं. वैद्यकशास्त्राची माघार.

२३ जुलै
लगाम म्हणजे घोडा, घोडा म्हणजे घोडेस्वार संत सांतियागो, आणि त्याचा सण परवा — मावशीचा तर्क बिनतोड. नवस बोलून आली: मी वाचले तर संताच्या घोड्याला चांदीचा लगाम.

दिवसभर अख्खं वांकायो शहर येऊन विचारून गेलं, “सरला का?” इतकी वर्षं पेपरात मंत्र्यांची सालं काढतेय, माझ्यातून काय बाहेर पडतंय याची एवढी आस्था कुणाला नव्हती.

तोंडाने पाणीही बंद. मावशीने शालीखालून मुन्याचा, म्हणजे डोंगरी पुदिन्याचा, काढा काढला. नर्सने पकडला.

“पाणी आहे गं नुसतं.”

“हिरवं?”

“आमच्या गावचं तसंच असतं.”

२४ जुलै
वारा नाही. संध्याकाळपासून ताप. उद्या सकाळी नेणार. डॉक्टरांना बजावलं, सगळ्या दोऱ्या काढा, एकही ठेवू नका. ते म्हणाले, “आत गेल्यावर बघू.”

भीती वाटतेय. हे वाक्य खोडणार होते.

२८ जुलै
आतडं मोकळं झालं. एक दोरी मात्र डॉक्टरांनी ठेवली. म्हणाले, “तुमच्या जठराला पूर्वी कधीतरी भोक पडलं होतं. तिनेच ते बुजवून धरलंय. नाही तर तेव्हाच गेला असतात.”

एका नाताळात पोट दुखलं होतं. अपचन समजून सोडा पीत बसले होते.