मंदाचे टॉन्सिल: सुई की दोरा

देवपूर, धुळे. मंगळवार, डिसेंबर १९९१

धाकट्या बहिणीचे, मंदाचे, टॉन्सिल काढायचेच. जळगावचे डॉक्टर विजेच्या सुईने जाळून काढतात. रक्त कमी जाते, पण घसा जास्त दिवस दुखतो. धुळ्याचे डॉक्टर कापून शिरा दोऱ्याने बांधतात. रक्त जरा जास्त. आज त्यांनाच विचारले, सुरक्षित कोणते?

म्हणाले, "रक्त दोन्हींत येऊ शकतं. आठवड्याने खपली सुटते, तेव्हासुद्धा. त्या वेळी पोरगी कुठे असेल?"

गावी. चाळीसगावपासून आत, संध्याकाळनंतर एस.टी. नाही. हे मला कसे सुचले नाही? मी सुई आणि दोराच तोलत बसलो.

मंदाला घेऊन गावाहून आलेल्या नानांना, म्हणजे वडिलांना, सांगितले, खपली पडेपर्यंत ती इथे माझ्या खोलीवर राहील. ते चिडलेच. "तू दहावीले नापास, डाक्टर कव्हय व्हयना?"

मंदा म्हणाली, "नाना, माले ऑपरेशननं नही, दादाना भातनं भ्याव वाटस."

माझ्या हातचा कच्चा भात आठवून नाना हसले. हो म्हणाले नाहीत, पण गावी परतताना तिची कपड्यांची पिशवीही परत नेली नाही.

सुई की दोरा, मला अजून ठरवता येत नाही. खोलीवरून दवाखान्यात चालत जाता येते. म्हणून धुळेच.