बोक्याच्या तोंडचा घास

अहो आई,

तुम्ही रुसून दार लावून झोपलात आणि बेकरीची भट्टी काही माझ्यासाठी थांबत नाही, म्हणून चिठ्ठी.

काल तुम्ही प्रेमाने वाढलेला मोठ्या माशाचा तुकडा मी बोक्याला घातला, हे तुम्ही पाहिलंत. पण तुमच्या हातची चव मला नकोशी झाली असं मनात आणाल तर खबरदार! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारखान्यांचा पारा समुद्रात जातो, लहान माशांच्या पोटात शिरतो. मोठे मासे लहानांना गिळतात आणि सगळा पारा त्यांच्या अंगात साठतो. म्हणून मला सध्या मोठे मासे बंद. लहान चालतात. फ्रिजमध्ये साफ करून ठेवलेत, कुरकुरीत तळा, मी ताटभर खाईन. बोक्यालाही आता तेच, बिचाऱ्याला मी उगाच गोवलं.

मलाच पथ्य का, असं विचाराल. पारा माझ्यापेक्षा माझ्या पोटातल्या बाळाला जास्त बाधतो, आई.

तुमच्या लेकाला अजून पत्ता नाही. रात्री जेवताना सांगणार आहे, तेव्हा तुम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या दचका. आणि आत्ता रडू नका, डोळे सुजलेले दिसले की त्याला लगेच संशय येईल.

तुमची सून