धुतलेल्या चपला

सोमवार
लागली एकदाची नोकरी! रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी फिरत्या दवाखान्याची गाडी आहे. डॉक्टर ताई, ड्रायव्हरकाका आणि आजपासून मी, नर्स. गाडीत अनवाणी चढायचं, चपला पायरीखालच्या कप्प्यात. काका तर पाहुण्या माशीलाही पाय पुसायला लावतील. मुलाखतीत ताईंनी घरी कोण कोण, एवढंच खोदून विचारलं. आई गेल्यापासून दादा माझ्याशी बोलत नाही, हे सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, मग आता आम्हीच तुझं घर. मला भरूनच आलं.

बुधवार
माझं काम पाय धुण्याचं. भेगा, चिघळलेल्या जखमा, कुजलेली नखं. कोमट पाणी, साबण, मलम, पट्टी आणि शेवटी खोक्यातली चपलांची जोडी. पाय धुताना गप्पा मारायच्या, मागे कोणी आहे का ते हळूच विचारायचं आणि ताईंना सांगायचं. ज्यांचं कोणीच नाही त्यांना ताई निवाऱ्यात नेतात. तिथे पलंग आहे, दोन वेळचं जेवण आहे.
पुलाखालचे आजोबा महा नाठाळ. पाय धुऊ देतात, पण गाडीकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांना दिलेल्या चपलेचा पट्टा उसवला होता, तो मी जखम शिवायच्या काळ्या दोऱ्याने शिवून दिला. म्हणाले, "चपलांची डॉक्टरीण दिसतेस."

शनिवार
आजोबांची टाच काळी पडली आहे. आता निवाऱ्यात न्यायलाच हवं, असं ताई म्हणाल्या. ते हटून बसले. म्हणे, त्या गाडीतून गेलेलं कोणी परत दिसलं नाही. मला हसू आलं. पलंग सोडून पुलाखाली कोण कशाला येईल? शेवटी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "चला, मी आहे ना." लेकरासारखे उठून आले.
ताईंनी माझी पाठ थोपटली. इतके दिवस त्यांना जमलं नव्हतं ते मी केलं म्हणे.

मंगळवार
आज खोक्यातून जोडी काढली, तर पट्ट्यावर काळा दोरा. टाके माझेच, शेवटची गाठ मी दुहेरी मारते. चपला धुऊन लख्ख केलेल्या.
ताई म्हणाल्या, निवाऱ्यात सगळ्यांना नव्या मिळतात. मला पटलं. खरं तर मी पटवून घेतलं.
मग खोकं तळापर्यंत उपसलं. प्रत्येक जोडीवर कुणाच्या तरी अंगठ्याचा खळगा. मी नव्या समजून वाटत होते.

गुरुवार
आजोबांना भेटते म्हटलं. ताई म्हणाल्या, झोपलेत. काल पण झोपलेच होते.
पुलाखाली आता कोणी पाय पुढे करत नाही. त्यांच्या शेजारची बाई एवढंच म्हणाली, "तुझ्या शब्दावर गेला तो."
काका नळावर चपला घासत होते. त्यांना विचारलं. मान वर न करता म्हणाले, "पोरी, तुला घरी कोणी असतं तर बरं झालं असतं."

शुक्रवार
दादाला फोन केला. उचलत नाही.
पुन्हा केला —

शनिवार, दुपार
ताई आपणहून म्हणाल्या, चल, आजोबांना भेटवते. चपला काढल्या, चढले. आजोबांसाठी. ते माझ्या भरवशावर —
गाडीतच लिहितेय. निवाऱ्याचं अंगण. लख्ख ऊन. माणूस नाही, वाळत घातलेली चादर नाही, खोकल्याचा आवाज नाही. धुळीत अनवाणी पावलं, दाराकडे जाणारी. परत येणारं एकही —
आईच्या जागी मानलं होतं मी ताईंना. आणि त्यांनी माझ्याच जिभेनं आजोबांना —
पायरीखालचा कप्पा रिकामा.
काका नळावर बसलेत. ब्रश चालू आहे. त्या माझ्या —
ताईंनी दार उघडलं. हात पुढे केलाय. किती मायेनं म्हणताहेत, "चल, मी आहे ना." अगदी मी जशी आजोबांना —