पार्डीच्या सत्काराची हकिगत

व्हिटबी, सोमवार, ९ मार्च

ती. जयंतीमावशी,

तुझ्या पाया पडतो (डाव्या, उजव्याचा गुडघा दुखतो हे माझ्या लक्षात आहे). मी खुशाल आहे. बर्फ अजून आहे. नाक गळतं आहे, पण ते नोव्हेंबरपासूनच गळतं आहे. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तुला साधी शिंक आली तरी ईश्वरकाका ग्रुपवर टाकतात. फोन करायचा सोडून हा पोरगा पत्र कशाला लिहून राहिला, असं तुला वाटलं असेल. तर फोनवर तू स्पीकर लावतेस आणि मागून ईश्वरकाका सल्ला देतात, आणि मला जे सांगायचं आहे ते फक्त तुला सांगायचं आहे. ते पत्रात नक्की कुठे येईल हे मलाही माहीत नाही. माझं लिहिणं तुला ठाऊकच आहे. दहावीला 'माझा आवडता प्राणी' या निबंधात मी बैलापासून सुरुवात करून काटोलच्या संत्र्यांवर संपवलं होतं आणि बाईंनी प्राणी कुठे गेला असं लाल पेनानं विचारलं होतं.

नंदकुमारकाका मजेत आहेत. तू मला त्यांच्या बेसमेंटमध्ये चिकटवून दिलंस त्याला येत्या एप्रिलमध्ये एक वर्ष होईल. एका ठिकाणी सलग एवढं मी बालवाडीनंतर राहिलेलो नाही. (कॅलगरीत चार महिने, थंडर बेला सहा आठवडे, हॅलिफॅक्सला तर सामान पोचायच्या आत निघालो.) मृणालिनीकाकू जाऊन दोन वर्षं झाली तरी घरात सगळं त्यांच्याच पद्धतीनं चालतं. मसाल्याच्या डब्यांवर त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. काकांनी हळद संपली तरी काकूंच्या डब्यात नवी भरू दिली नाही, म्हणून तिखटाच्या डब्यात आता हळद आहे आणि हळदीच्या डब्यात काही नाही. परवा मोठा बर्फ झाला तेव्हा काका सकाळी उठून शोव्हल करायला (फावड्यानं बर्फ उपसायला) बाहेर पडले आणि तासभर घाम गाळून शेजारच्या डगचा अख्खा ड्राइव्हवे, म्हणजे घरापुढची गाडीची वाट, साफ करून आले. आपला तसाच होता. याला म्हणतात शेजारधर्म. डगच्या बायकोनं पाय आणून दिला (पाय म्हणजे इथला गोड कडबू समज, पण मोठा, आणि आत सफरचंद).

तुझ्या कानावर गौरांगीचा विषय आला असेलच. काकांची मुलगी, ओकव्हिलची. तिनं महिन्यापूर्वी मला फोन केला आणि सरळ विचारलं, "परीक्षित, बाबा एकटे राहू शकतात का? मला फक्त खरं सांग." तिनं तिकडे खालची खोली तयार ठेवली आहे, वॉशरूममध्ये पकडायला दांडेसुद्धा लावले आहेत. मी 'नाही' म्हटलं तर घर विकायचं आणि काकांना घेऊन जायचं. मी 'हो' म्हटलं तर एक वर्ष थांबायची तिची तयारी आहे. काका म्हणतात, या घरातून मी आडवाच बाहेर पडेन. आता सांग, माझ्यासारख्या माणसावर असला निर्णय सोडतात का? मी गोदामात खोकी उचलतो. कुठलं खोकं नाजूक आहे तेसुद्धा त्यावर लिहिलेलं असतं.

पण मी सांगत होतो इथल्या बर्फावरच्या हॉकीचं. इथल्या रिंकमध्ये (रिंक म्हणजे बर्फाचं मैदान) काका-काकूंच्या सत्तावीस वर्षं दोन खुर्च्या आहेत, शेजारी शेजारी, आणि काकूंच्या खुर्चीवर आता मी बसतो. आमची टीम लून्स. लून म्हणजे तळ्यावरचं एक पाखरू, ते वेड लागल्यासारखं ओरडतं. आमची लीग अगदी खालची, टीव्हीवर दाखवत नाहीत, पण माणसं जीव टाकतात. तर जानेवारीत लून्सनी ट्रेड केला. ट्रेड म्हणजे दोन टीमनी आपापसांत खेळाडू बदलायचे. खेळाडूला विचारत नाहीत. सकाळी सांगतात, बॅग भर, उद्यापासून तू त्यांचा. (मला हे ऐकून बरं वाटलं होतं. मी आपला आपणच हे करत आलो.) आम्ही दिला कोडी, वय वीस, बर्फावर असा पळायचा की आपली मान दुखावी. आणि घेतला कोण, तर ग्लेन पार्डी. वय एकोणचाळीस. दोन्ही गुडघ्यांना पट्टे, पुढचे दात नाहीत, आजवर अकरा टीम झालेल्या.

मावशी, गावात सुतक पडलं. मागच्या रांगेत बसतो तो हाच शेजारचा डग, एरवी हवामानाशिवाय बोलत नाही, पण पहिल्याच मॅचला तो रडवेला होऊन म्हणाला की मॅनेजरनं रेसचा घोडा देऊन सोफा घेतला. आणि काका तर पेटलेच. पन्नास वर्षं कॅनडात राहून राग आला की अजून थेट नागपूरच्या महालात पोचतात. "काय खेळून राहिला हा म्हातारा! अरे, बसताना बघ, आधी कठड्याला धरतो, मग बसतो! कुणी सांगत नाही का याला घरी?" माझ्या खांद्यावर हात टेकून खुर्चीत बसता बसता ते हे म्हणत होते. रोज नाश्त्याला पार्डी, जेवायला पार्डी. माणसाला स्वतःला कळायला नको का, हे त्यांचं मुख्य म्हणणं. मी एकदा म्हटलं, काका, नसेल कळत त्याला. तर म्हणाले, "मग जवळच्यांनी सांगावं! काय करून राहिलेत ते?" मी आणखी एक पोळी घेतली.

मग काकांनी उपाय काढला. वीज कंपनीत असताना त्यांचा पीटरसन नावाचा एक साहेब होता, वय उलटून गेलं तरी रिटायर होईना. तेव्हा काकांनी आणि दोन मराठी इंजिनियरांनी मिळून त्याचा न विचारताच निरोप समारंभ केला. शाल, श्रीफळ, मानपत्र, फोटो. पीटरसनला इतका संकोच झाला की सोमवारी त्यानं खरंच राजीनामा दिला. तसंच पार्डीचं करायचं. प्रेमानं, सन्मानानं, सगळ्यांसमक्ष. इथल्या मराठी मंडळाच्या माधवीकाकूंना कल्पना फारच पटली. त्या मूळच्या सदाशिव पेठेतल्या, आणि गाडीत विंटर टायरशेजारी चार शाली कायम तयार ठेवतात, कारण कुणाचा कधी सत्कार करावा लागेल सांगता येत नाही. त्यांनी काकांकडे एकच शंका काढली: "पण सबनीस, तो रागावला तर?" काका म्हणाले, "शाल अंगावर असताना माणूस रागावू शकत नाही. हात अडकतात."

मानपत्र काकांनी तीन दिवस खपून लिहिलं, इंग्रजीत, चार परिच्छेद. पहिल्यात सेवा, दुसऱ्यात निष्ठा, तिसऱ्यात गुडघे, आणि चौथ्यात मुद्दा: आता आपण सन्मानपूर्वक विश्रांती घ्यावी. शनिवारी दुपारी प्रॅक्टिसनंतर चाहत्यांना खेळाडूंना भेटता येतं. परवाचा सोडून त्याआधीच्या शनिवारी आम्ही गेलो. काका कोट-टाय घालून, माधवीकाकू नऊवारीवर बर्फाचे बूट घालून, मंडळाचे सहा जण, आणि नारळ माझ्याकडे (नारळ ओकव्हिलला मिळाला, व्हिटबीतला तडकलेला निघाला, त्यासाठी मी गो ट्रेननं, म्हणजे इथल्या लोकलनं, जाऊन आलो, ट्रेनमध्ये एक बाई भेटली तिच्याकडे ससा होता, पण ते पुन्हा कधी). बाकीच्या खेळाडूंभोवती पोरं सह्या घेत होती. पार्डी एकटा बाकावर गुडघ्याला बर्फ बांधून बसला होता. बर्फावर खेळून वर पुन्हा बर्फच बांधतात, हे मला अजून समजलेलं नाही.

माधवीकाकूंनी शाल घातली. खांद्याच्या पॅडवरून ती बसेना, तेव्हा त्या बाकावर चढल्या. कुंकू लावलं. हातात नारळ दिला. त्यानं तो कानाशी हलवून बघितला. मग काकांनी वाचायला सुरुवात केली. अगदी खणखणीत. पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला, तिसऱ्यात गुडघ्यांचं आलं तेव्हा पार्डीची मान खाली गेली. आणि चौथ्या परिच्छेदाच्या आधी काका थांबले. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. आणि चौथा न वाचता कागदाची घडी झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माधवीकाकूंचे डोळे भरले, मला म्हणाल्या, "बघ, सबनीसांच्या मनात किती दया आहे!" पार्डी उठला (आधी कठड्याला धरून), आणि म्हणाला की अकरा टीम सोडून जाताना कुणी काही केलं नाही ते सोडा, पण येताना आपलं असं स्वागत आजवर कुणीच केलं नव्हतं. त्याच्या मुलीला फोटो पाठवायचा होता, ती आईकडे असते, रेजायनाला. त्यानं काकांना मिठी मारली. काका त्याच्या काखेपर्यंतच पोचत होते.

मंगळवारी गावच्या पेपरात फोटो आला, 'पार्डीच्या पाठीशी चाहते उभे'. डगनं आमच्याशी बोलणं सोडलं. आणि काल रविवारी पार्डीनं गोल केला. म्हणजे तो पडला आणि पक (इथला चेंडू, पण चपटा) त्याच्या पाठीला लागून आत गेला, पण मोजला. काका उभे राहून ओरडले, "शाब्बास रे म्हाताऱ्या!" तर असं आहे. गौरांगीला मी अजून काही कळवलेलं नाही. काय कळवायचं? माणूस ठणठणीत आहे, मानपत्रं लिहितो, गोल झाला की उभा राहतो. एप्रिलमध्ये वर्ष होईल, मग बघू.

ईश्वरकाकांना नमस्कार. त्यांना पत्र दाखवू नकोस.

तुझा,
परीक्षित

ता. क. आपली अक्षरा मेमध्ये इकडे येणार आहे असं कळलं. तिच्याबरोबर थोड्या मुंगवड्या पाठव. काकांना काकूंच्या हातच्या आठवतात. तुझ्या तशा होत नाहीत हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आहे, पण पाठव.

ता. क. २. वर मी एका ठिकाणी खोटं लिहिलं आहे. खोडायला गेलो तर दोन पानं परत लिहावी लागतील, म्हणून इथे सांगतो. काकांनी चौथा परिच्छेद दया येऊन सोडला नाही. तिसरा संपल्यावर ते परत पहिला वाचायला लागले होते. दोन ओळी वाचून थांबले आणि माझ्याकडे वळून मराठीत हळूच म्हणाले, "अरे, हा निरोप कुणाचा करून राहिलो आपण? पीटरसनचा का?" मी म्हटलं, हो काका, झालं आता. कागद मी त्यांच्या हातातून घेतला, घडी घातली, आणि त्यांच्या खिशात ठेवला. टाळ्या त्यानंतरच्या. येताना गाडी मी चालवली. हायवेला लागायच्या आधी ते म्हणाले, मृणाल आतच राहिली, गाडी वळव. मी वळवली. रिकाम्या पार्किंगला सावकाश एक चक्कर मारली. मग त्यांना आपलं आपणच आठवलं असावं, कारण ते म्हणाले, "चल," आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. शेजारधर्माचंही तसंच. त्यांना तो आपलाच ड्राइव्हवे वाटला होता.

ता. क. ३. गौरांगीला मी त्याच दुपारी सांगितलं. लाँड्रीच्या खोलीत गेलो, वर ऐकू जाऊ नये म्हणून रिकामा ड्रायर लावला, आणि सगळं सांगितलं. ती इंग्रजीत थँक यू म्हणाली. मे महिन्यात घरापुढे विकायची पाटी लागेल. काकांना माहीत नाही. कालच्या मॅचला ते सगळ्या रांगेला सांगत होते की माझी मुलगी उगाच घाबरते, पण हा पोरगा आहे ना खाली, तो तिला खरं काय ते सांगेल.

तर मावशी, काम असं आहे. तू फोन कर आणि म्हण की फोनवर बोलताना तुलाच जाणवलं, आणि तूच गौरांगीला कळवलंस. तू काकूंची होस्टेलची मैत्रीण, शिवाय नागपुरात; तुझ्यावर रागावून ते काय करतील, चार दिवस फोन घेणार नाहीत. मी तर रोज सकाळी त्यांच्यासमोर चहाला बसतो. हे चांगलं नाही हे मला कळतं. निघून जावं म्हणून बॅगही एकदा काढून बघितली, रात्री नाही, भर दुपारी, ते झोपलेले असताना. परत ठेवली.

पत्र पोचल्यावर येईल त्या रविवारी कर, तुझ्या संध्याकाळी, म्हणजे इथे सकाळ असेल. सकाळी त्यांचं डोकं स्वच्छ असतं. सगळं समजेल त्यांना, आणि रागावतील तेही पूर्ण समजून. तेवढं तरी त्यांना मिळू दे. मी शेजारीच बसलेला असेन. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि "हिला सांग रे तू" म्हणाले, तर मी खरं बोलेन. पण आधी तू बोल.